सोजरबाई युनिट, ताथवडे

आंघोळीची पहिली शिफ्ट उरकली होती, दुसरी आत होती आणि सोजरबाई तव्यावरचं धिरडं उलटत होत्या. तेवढ्यात दार वाजलं.

दारात इस्त्रीच्या शर्टातला तरुण, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "मी कुलदीप. चाकणजवळच्या महाळुंग्याच्या कारखान्यातून आलोय. सोजरबाई युनिट इथंच ना? नकाशावर हीच जागा दिसतीये."

"इथंच. चपला बाहेर काढा," सोजरबाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, आली का पंचाईत.

पंचाईत त्यांनीच ओढवून घेतली होती. सून आम्रपालीनं कारखान्यांच्या शिफ्ट लावणारं सॉफ्टवेअर तयार करून फुकट वाटलं होतं. जगात ते कुठं कुठं चालतं, हे दाखवणारा नकाशा तिच्या वेबसाइटवर होता. वापरणाऱ्यानं आपल्या गावावर बोट दाबायचं, दोन शब्द लिहायचे, की ठिपका उमटतो. ब्राझीलला ठिपका, पोलंडला ठिपका, व्हिएतनामला तर पुरळ आल्यागत. चाकण मात्र कोरंकरकरीत. आम्रपाली जेवताना मोबाइलवरचा नकाशा चाकणवरच आणून ठेवायची आणि घास हातात धरून बसायची. "इथल्या कंपन्या जवळ कोण वापरतंय ते दाखवा म्हणतात, आई. कोणाला दाखवू?"

आता घरात माणसं चार, न्हाणीघर एक. मुलगा प्रितम रात्रपाळीहून यायचा, तीच लेक मिनलच्या बसची वेळ. रोजची बोंबाबोंब. म्हणून सोजरबाईंनी आंघोळी त्या सॉफ्टवेअरवर लावल्या होत्या, आणि एका दुपारी सुनेला न विचारता ठिपकाही ठेवून दिला होता: 'सोजरबाई युनिट. चार शिफ्ट. बारा महिने चालू. संप नाही.' एक अक्षर खोटं नव्हतं.

"आमच्या तीन शिफ्टचा मेळ बसत नाही," कुलदीप सांगत होता. "तुम्ही चार चालवता म्हणून साहेबांनी बघायला पाठवलं. पटलं तर आम्हीही घेऊ. प्लांट कुठंय?"

सोजरबाईंनी उलथन्यानं न्हाणीघर दाखवलं. त्यातून डोक्याला टॉवेल गुंडाळलेली आम्रपाली बाहेर आली आणि सगळं कळल्यावर भिंतीला टेकली. चाकणची पहिली कंपनी घरी चालून आली होती, आणि आता चालली होती.

"माफ करा सर. आई, तुम्ही पण ना..."

"थांब गं. ह्यांना धिरडं तरी खाऊ दे."

तेवढ्यात प्रितमचा फोन आला. चाकणच्या चौकात बस अडकली होती. सोजरबाईंनी पिठाच्या बोटानं मोबाइलवर 'उशीर' दाबलं. आतल्या खोलीत मिनलचा मोबाइल वाजला: प्रितमची शिफ्ट आता तिची. ती कपडे घेऊन मुकाट न्हाणीघरात शिरली.

कुलदीप घास चावायचा थांबला. "भांडल्या नाहीत त्या?"

"कुणाशी भांडणार? मोबाइलशी?"

"आमच्याकडं एवढ्यात दोन सुपरवायझर एकमेकांच्या अंगावर गेले असते." त्यानं दुसरं धिरडं घेतलं. "मॅडम, एका लाइनवर लावून बघू. साहेबांशी मी बोलतो. फक्त हा ठिपका तेवढा काढा. मी बाथरूम बघून आलो हे त्यांना कळलं, तर वर्षभर चिडवतील मला."

आम्रपालीनं लगेच मोबाइल उचलला. सोजरबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि कुलदीपच्या ताटात तिसरं धिरडं वाढलं.

"तुमचा ठिपका खुशाल टाका, भाऊ. महाळुंग्यात जागा रगड आहे. माझा तेवढा पुसू नका."