सात ते अकरा

लग्नाच्या हॉलमध्ये आदल्या संध्याकाळी कितीही थाट झालेला असो, दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते अकरा तो हॉल कुणाचाच नसतो. वऱ्हाड केव्हाच पांगलेलं असतं. डेकोरेशनवाल्याची माणसं सामान सोडवायला अकराला येतात, कारण तीही माणसंच, त्यांनाही झोप लागते. मधले चार तास स्टेज तसंच सजलेलं, पडदे तसेच, खुर्च्यांना पांढरी कव्हरं आणि बरीचशी फुलं अजून टवटवीत. अकरा वाजले की ती सगळी फुलं पोत्यांत कोंबायची आणि कचऱ्याच्या गाडीत घालायची. हे कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हतं. खुपत होतं ते एकट्या किल्लीमामांच्या.

किल्लीमामा म्हणजे हॉलचे रखवालदार. एकतीस वर्षं तीच नोकरी, तोच खाकी शर्ट. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की मामा दिसायच्या आधी त्यांचा आवाज पोचायचा. हॉलच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यांत मामा, मामी आणि त्यांची एकुलती एक लेक.

एकदा काय झालं, एक जोडपं हॉलचं भाडं विचारायला आलं. आकडा ऐकला आणि पोरीचा चेहरा असा पडला, की मामांना राहवलं नाही. त्यांनी दोघांना फाटकाशी गाठलं आणि सरळ सांगून टाकलं, "उद्या सकाळी सातला या. माणसं पंधरा, सोळावा आला तर मी फाटकातून परत पाठवीन. कपडे असतील ते घाला, नसतील तर कुणाचे तरी मागा. पत्रिका छापू नका, फोन करा. चहा आमची ही करील. दहाला इथून निघायचं, नोंदणी कचेरी चालत पाच मिनिटांवर आहे. सह्या करा आणि संसाराला लागा!"

झालं, तेव्हापासून ती रीतच पडली. महिन्यातून एखादं तरी जोडपं सकाळचं यायचं. मालकाला वर्षभरानं कळलं, तेव्हा तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "दिवे लावायचे नाहीत. बिल मी भरतो." मामा म्हणाले, "खिडक्या आहेत की." त्यावर विषय मिटला.

आणि मामी? मामींशिवाय त्या सकाळी पार पडल्याच नसत्या. पहाटे उठून त्या स्टेजवर चढायच्या आणि नेमकी फुलं काढायच्या. समोरची फुलं दिव्यांच्या उष्णतेनं करपलेली असतात. चांगली राहतात ती दिव्यांच्या मागच्या बाजूची, अंधारातली. तिथे हात घालून मामी एकेक फूल बोटांनी चाचपायच्या, दांडे तिरके कापायच्या आणि ओल्या दोऱ्यानं नवरीसाठी गुच्छ बांधायच्या. कोरडा दोरा दांड्यांना कापतो म्हणायच्या. तो गुच्छ नवरीच्या हातात देताना दरवेळी त्यांचे डोळे भरून यायचे. मामा चिडवायचे, "अगं, तुझी कोण लागते ती? आपल्या पोरीच्या वेळी काय करशील, हॉल बुडवशील?" मामी पदरानं डोळे पुसत हसायच्या. "बुडवीन. तुम्ही पोहायला शिकून ठेवा!"

मामांचं तोंड मात्र फटकळ. संध्याकाळच्या लग्नांचे यजमान बुकिंगला आले, की त्यांनाही सोडत नसत. "चारशे खुर्च्या? नवरा-नवरीला त्यातल्या चाळीस माणसांची नावं तरी ठाऊक आहेत का?" माणसं हसायची आणि चारशेच खुर्च्या सांगायची.

आता असा हा माणूस. जगाला शहाणपण वाटत फिरणारा. त्याच्याच घरी गोष्ट आली, तेव्हा काय झालं ते ऐका.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिनं मुलगा स्वतःच निवडला होता, शांत स्वभावाचा वायरमन. दोघांना घाई नव्हती. पण मामींच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. जिना चढताना त्यांना दोनदा बसावं लागायचं. डॉक्टरांनी मामांना आणि लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ऑपरेशन झेपायचं नाही. काय आनंदाचं करायचं असेल ते करून घ्या, पुढच्या वर्षावर टाकू नका." याहून स्पष्ट माणसानं काय बोलावं?

त्या दिवशी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, रविवारी हॉलवर मोठं लग्न आहे ना? सोमवारी सकाळी आमचं करून टाकू. आई गुच्छ बांधेल, आई बघेल. मला दुसरं काही नको."

मामींचं तोंड उजळलं. त्यांनी हात धुवायचीही वाट बघितली नाही. "खरंच हो, सोमवारीच करू या."

आणि किल्लीमामा, ज्यांनी परक्यांच्या पोरींची लग्नं त्या सकाळी लावून दिली, ते ताटावरून उठले आणि म्हणाले, "नाही."

"का?"

"दुसऱ्यांची शिळी फुलं माझ्या लेकीला? नाही म्हणजे नाही."

लेक बघतच राहिली. "इतक्या जणींना चालली ती."

"त्यांच्या बापाला जमत नव्हतं म्हणून. मला जमेल. एकतीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांची दारं उघडली, लोकांच्या खुर्च्या लावल्या. एक संध्याकाळ माझी नको? मालक अर्ध्या भाड्यात हॉल देतोय. ताजी फुलं, सगळे दिवे, माझी माणसं खुर्च्यांवर आणि मी दारात पाहुण्यांच्या स्वागताला. तारीख मिळतेय सात महिन्यांनी."

"सात महिने, बाबा?" लेकीनं आईकडे बघितलं.

"डॉक्टर असंच बोलतात. मागच्या वर्षीही असंच बोलले होते." मग ते मामींकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तू थांब गं जरा. एवढं माझ्यासाठी थांब."

काय म्हणावं या माणसाला! राग येतो आणि पोटात तुटतंही. त्यांना वाईट करायचं नव्हतं हो. आयुष्यभर ज्या थाटाला नावं ठेवली, तो थाट मनात कुठेतरी दडून बसला होता, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. मामींना ठाऊक असावं. त्या वाद न घालता म्हणाल्या, "बरं. थांबते."

तो सोमवार आला आणि गेला. सात ते अकरा हॉल रिकामा होता. अकराला फुलं पोत्यांत गेली.

पुढचे महिने मामा नुसते पळत होते. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलले. फुलवाल्याशी घासाघीस केली, पत्रिका छापल्या. हो, पत्रिकाही! चांगल्या जाड कागदाच्या. मामी पलंगावर उशांना टेकून पाकिटांवर नावं लिहायच्या. दहा नावं लिहिली की दम लागायचा, मग पेन बाजूला ठेवून पडून राहायच्या. शेवटी शेवटी अक्षर इतकं थरथरायला लागलं, की लेक गुपचूप ती पाकिटं पुन्हा लिहून काढायची.

पाचव्या महिन्याच्या शेवटी, दुपारी दोनच्या सुमाराला, मामी गेल्या. मामा तेव्हा डेकोरेशनवाल्याकडे पडद्यांचा रंग ठरवायला गेले होते.

मामींचे दिवस झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आता ती संध्याकाळ राहू दे. आम्ही कचेरीत जाऊन सह्या करतो."

"पैसे भरलेत सगळीकडे, परत नाही मिळायचे. आणि आईची इच्छा होती गं."

"आईची नव्हती. तुमची होती."

मामा रडायला लागले. लेकीलाच मग त्यांचं तोंड बघवेना. तिनं त्यांच्या खाकी शर्टाचं सुटलेलं बटण हातात धरलं आणि म्हणाली, "करू या. करते मी. रडू नका."

ती संध्याकाळ झाली. देखणी झाली, खोटं कशाला बोला? सगळे दिवे लागले, फुलांनी स्टेज भरलं. मामांनी नवा कोट शिवला होता. दारात स्वागताला उभे राहिले, पण पंधरा मिनिटांत कुणीतरी म्हणालं, "किल्लीमामा, मागच्या रांगेत खुर्च्या कमी आहेत," आणि पाय आपोआप गोदामाकडे वळले. मग पाण्याचा जार संपला. मग पंखा अडला. कोट घालून मामा रात्री शेवटचा पाहुणा जाईपर्यंत धावतच होते. फोटोग्राफरनं घरच्यांचा फोटो काढायला हाका मारल्या, तेव्हा ते मागच्या अंगणात गाड्या लावून देत होते. लेकीच्या लग्नाच्या एकाही फोटोत तिचा बाप नाही. आई तर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला दार वाजलं. मामा दचकले. पंधरा दिवसांपूर्वी एक मुलगी येऊन आजची सकाळ मागून गेली होती आणि सवयीनं ते हो म्हणाले होते. पार विसरून गेले होते.

माणसं मोजून अकरा होती. नवरीची आई दोघांच्या आधारानं आली. पाय सुजलेले, ओठांना निळसर छटा. मामांनी ती छटा लगेच ओळखली. त्यांनी पहिल्या रांगेत, खिडकीशी खुर्ची ओढली आणि बाईंना नीट बसवलं.

गुच्छ हवा होता. मामा स्टेजवर चढले आणि दिव्यांच्या मागे हात घालून फुलं काढली. कोणती काढायची ते ठाऊक होतं, वर्षानुवर्षं बघितलं होतं. दोरा ओला करायचा हेही ठाऊक होतं. पण बांधता येईना. दांडे एकत्र धरले की दोरा निसटायचा, दोरा ओढला की फुलं सुटून पडायची. तीनदा झालं. लेकीच्या लग्नाची ताजी फुलं मामांच्या जाडजूड बोटांतून खाली पडत होती.

"आणा इकडे," नवरीची आई म्हणाली. मांडीवर घेऊन तिनं गुच्छ बांधला. मग थोडी ओशाळून म्हणाली, "माझ्या तब्येतीपायी घाईत उरकतोय हो. पोरीची हौस राहिली. काल तुमच्या लेकीचं कसं थाटात झालं म्हणे."

"थाटात झालं," मामा म्हणाले.

ते तडक भिंतीकडे गेले आणि सगळी बटणं एकामागून एक खाली केली. सकाळच्या लग्नाला आजवर कधी लागले नव्हते, ते सगळे दिवे लागले. मालकाचं बिल गेलं खड्ड्यात! बाईंनी डोळ्यांवर हात धरला आणि खुदकन हसल्या. नवरी आईजवळ खाली बसली होती, दोघींच्या तोंडांवर उजेड पडला होता.

कुणीतरी फोन उंच धरून म्हणालं, "फोटो काढू या. मामा, तुम्हीही या."

मामा येऊन खुर्चीमागे उभे राहिले. तेवढ्यात नवरी म्हणाली, "आणि मामी? त्यांनाही बोलवा ना. माझ्या ताईचा गुच्छ त्यांनीच बांधून दिला होता, ताई अजून सांगते. झोपल्यात का?"

सगळे मामांकडे बघायला लागले. मामांचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला आणि तिथेच राहिला.

"ती थांबायला तयार होती गं," मामा म्हणाले. "मीच उशीर केला."