बारामतीत जगलेला शिपाई

सात वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात एका बाईला सांगितलं, आणि आज तुम्हाला सांगतोय. लिहूनच सांगतो, कारण समोर बसलं की माझी जीभ खऱ्याच्या आधी भलतंच काहीतरी सांगायला धावते.

मी देवगडकडचा. मराठी चौथीत शाळा सुटली, मग घरही सुटलं, आणि एका फिरत्या सिनेमाच्या सामानाबरोबर बारामतीला येऊन पडलो. बोलपट यायच्या आधीचे दिवस. तेव्हा पडद्याशेजारी एक माणूस छडी घेऊन उभा असायचा — हा कोण, ती का रडते, मधेच पडद्यावर येणाऱ्या पाटीवर काय लिहिलंय, ते सांगायला. तो माणूस मी. सगळे मला मास्तर म्हणत. चौथीतून पळालेला मास्तर!

आधी थोडं सिनेमाबद्दल बोलू द्या. वेळ काढतोय, कळतंय मला. पण सिनेमावर माझा जीव आहे. अमेरिकन विनोदी चित्रांना लोक पडापडी म्हणतात. पण तो माणूस पडल्यावर आधी टोपी उचलतो, मग स्वतःला — हे पाहिलंत? गरिबाची अब्रू अशी कुणी दाखवली? जर्मन चित्रांत माणसापेक्षा त्याची सावली मोठी. जिन्याच्या भिंतीवर नुसता एक हात चढताना दिसायचा, आणि बाया पदराचा बोळा तोंडात धरायच्या. रशियातलं एकच पाहिलं. त्यात नायक नव्हता, नुसती माणसंच माणसं. बाजाराला आलेल्या लोकांना ते फार पटलं. आपल्या पौराणिक चित्रांत देव प्रकटला की पुढच्या रांगा पायताणं काढायच्या. मी कधी हसलो नाही. मारामारीची चित्रं मात्र मला रुचत नाहीत. घोडा चांगला असला तरच बघतो.

ही सगळी मतं मी कशावरून बनवली? चेहऱ्यांवरून. कारण विलायती चित्रांच्या पाट्या इंग्रजीत असत, आणि मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखू यायची, आकडे यायचे, बस्स. पाटी आली की मी तिच्यावर छडी टेकवून खणखणीत आवाजात ठोकून द्यायचो. बहुतेकदा जुळायचं. तेवढ्यावरच थांबलं असतं तर मी आज वही उघडली नसती.

मी तात्यांच्या पडवीत राहायचो. कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करणारं घर. भाडं म्हणून त्यांनी कधी काही मागितलं नाही. वर दोन वेळची भाकरी. घरापासून इतक्या लांब मला कुणी 'जेवलास का' विचारणारं होतं ते तेच. त्यांचा एकुलता मुलगा लढाईवर बसऱ्याला गेला, आणि पत्रं यायची थांबली. मेल्याची चिठ्ठीही आली नाही. मागे राहिली सून, भागूवैनी. लग्नानंतर पुरतं वर्षही नवऱ्याबरोबर न काढलेली.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकायचं, अशी रीत. बारा वर्षं भरली होती. तात्यांनी मन घट्ट केलं होतं. नुसतं क्रियाकर्म नाही, सुनेचा पाट लावून द्यायचा, म्हणजे दुसरं लग्न, तोही बापाच्या मायेनं, स्वतः स्थळ शोधून. इंदापूरकडचे रामराव, डाळिंबाची बाग असलेले, बायको वारलेले. वैनी त्या महिन्यात भाकरी थापताना गुणगुणायची. मी ऐकलंय.

त्याच महिन्यात ते लढाईचं चित्र आलं. सहा रिळांचं. डब्यांवर आगगाडीत दुधाची घागर लवंडली आणि शेवटच्या दोन डब्यांच्या चिठ्ठ्या सुटल्या. 'समाप्त'ची पाटी कधीच तुटून गेली होती, जुन्या चित्रांची जायचीच. मशीन चालवणाऱ्या हुसेनभाईंनी दोन्ही रिळं माझ्या हातात दिली. "मास्तर, वाचून सांगा, आखरी कोणतं?" मी पट्टी उजेडात धरली. ओठ हलवले. एका रिळात शिपाई चिखलात पडत होता, दुसऱ्यात दाढी वाढलेला घरी येत होता. 'मला वाचता येत नाही' — इतकंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "घरी येतो ते."

बाजाराच्या दिवशी, सरकीच्या गोदामात खिडक्यांना गोणपाट लावून दुपारचा खेळ झाला. शिपाई चिखलात पडला, आणि पुढच्या रिळात अंगणात उभा राहिला. मी सांगितलं, "मेला म्हणून सोडून दिला होता, पण जीव धरून राहिला. कैक वर्षांनी घर शोधत आला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या पुढच्याच रांगेत होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. दोन्ही हात तसेच हवेत राहिले.

तीन दिवसांनी आम्ही इंदापुरात. तिथल्या कचेरीतल्या एका कारकुनानं डब्यात आलेला इंग्रजी कागद सहज वाचून दाखवला. शिपाई पाचव्या रिळात रजेवर येतो. सहाव्यात परत जातो आणि मरतो. मी कुणाला न बोलता रिळांची अदलाबदल केली. इंदापूरनं खरं चित्र पाहिलं. रामरावांनीही.

पुढच्या आठवड्यात ते पाटाचा दिवस ठरवायला आले, आणि पडवीत वाद जुंपला.

"तात्या, त्यो मरतो. ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"तुमच्या इंदापुरात मरत आसंल. आमच्या हितं घरला आला. कुत्र्यानंसुदिक वळखला."

"बारामतीकरांस्नी समदं गोडच लागतं," रामराव हसले, "गुऱ्हाळं हायती ना."

"मास्तरला इचारा. त्यो लिवलेलं वाचतो."

सगळे माझ्याकडे वळले. आणि माझी विद्या कामाला आली! मी सांगितलं, अशा चित्रांच्या दोन प्रती असतात. अमेरिकेत मेलेला नायक चालत नाही, जर्मनीत जिवंत राहिलेला चालत नाही. त्या त्या देशाच्या आवडीप्रमाणे शेवट. रामरावांनी मान डोलावली. इतकं पटण्यासारखं खोटं मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही.

"ते ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "खरं कंचं?"

भागूवैनी दारात ताकाचा तांब्या घेऊन उभी होती. मला खरं ठाऊक होतं. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हणालो, "बारामतीतलं, तात्या."

वैनीनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. रामराव ताक न पिता उठले.

क्रियाकर्म राहिलं. पाट राहिला. वर्षभर थांबून रामरावांनी दुसरीकडे घर मांडलं. आणि तात्या दाढीवाल्यांकडे बघायला लागले. बाजारात कुणी गोसावी, बैरागी दिसला, वय जुळतंय वाटलं, की घरी घेऊन यायचे. वैनीला त्याचे पाय धुवायला लावायचे, म्हणजे तिला जवळून बघता यावं. ती पाय धुवायची, मान वर करून बघायची, आणि म्हणायची, "ह्ये न्हवंत." असं तीनदा. मी पडवीत बसून असायचो, तिच्याच हातची भाकरी खात.

मग बोलपट आला आणि माझं तोंड बंद झालं. लोकांना वाटलं मास्तर कष्टी असेल. मला तर सुटल्यासारखं झालं! पडद्यावरची माणसं आता आपलं खरं आपणच सांगतात. मी दारावर तिकिटं फाडतो. लोक विचारतात, बोलपट कसा वाटला? मी सांगतो, फार चांगला. मनापासून सांगतो.

गेल्या महिन्यात तात्यांनी चौथा बैरागी आणला. वैनी पाय धुवून उठताना गुडघ्यावर हात टेकून उठली. आता ती पस्तिशीच्या पुढं आहे. त्या उठण्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गवार तोडत होती, तिथं गेलो. सगळं सांगितलं. चौथी, चिठ्ठ्या, कारकुनाचा कागद, सगळं. ती तोडायची थांबली नाही.

"म्हंजी त्यो शिपाई मरतोच?"

"व्हय, वैनी." तिच्याशी बोलताना मी तिच्यासारखाच बोलतो.

"मग नीट सांगा. पहिल्यापास्नं."

मी बांधावर बसून सांगितलं. छडी नाही, पडदा नाही, लख्ख ऊन. जे दिसलं होतं तेवढंच, पाटी आली तिथं म्हणालो, "हितं काय लिवलंय, मला ठावं न्हाय." तो रजेवर घरी येतो. बायकोशी धड बोलत नाही, अंगणातली मोडकी फळी ठोकत बसतो. जातो. चिखलात पडतो. वैनीनं एकदाच विचारलं, "लय येळ लागला का मरायला?" मी म्हणालो, नाही.

तिनं टोपली उचलली. "तात्यास्नी मी सांगती. तुमी बोलू नका. तुमी बोललात की समदं खरंच वाटतं."

पंधरा दिवसांनी कऱ्हेच्या काठी दर्भाचा पुतळा जळला. मी लांब उभा होतो. तात्या त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मी पडवी सोडली, आता गोदामातच राहतो. कोरडी भाकरी स्वतः भाजतो, करपवतो. आणि खरं सांगू? छातीवरचा धोंडा उतरलाय. रामरावांच्या अंगणात आता तीन मुलं खेळतात. ती वैनीची नाहीत. हे माझं काम.

शिपाई सहाव्या रिळात मरतो. बारामतीतसुद्धा.