असंच करतात, पण का?

आयसीयूत पंधरा वर्षं सिस्टर म्हणून काढली की किस्से काही केल्या डोक्यातून जात नाहीत! आमच्याकडचे निम्मे तर लासूर स्टेशनच्या नव्या डॉक्टर मॅडममुळे. कुठल्याही नियमाला त्यांचा एकच प्रश्न, "पुरावा काय?" मोठ्या सरांचं उत्तरही ठरलेलं, "अहो, असंच करतात!"

*

प्रत्येक पेशंटचा रोज सकाळी एक्स-रे निघायचा. मॅडम म्हणाल्या, "गरज असेल त्याचाच काढू." सर फुरंगटले, पण महिनाभर बघू म्हणाले. कुणाचं काही अडलं नाही. एक्स-रेवाले काका मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, "नोकरीत पहिल्यांदा गरम चहा मिळतोय!"

*

चपला बाहेर काढण्याबाबत मी भलती कडक. बजाजनगरच्या एका कामगाराला दारातच अडवलं. तो म्हणाला, "सिस्टर, मी वडिलांना पाय लावणार नाय, हात लावणार हाय. हात कुठं धुवू ते सांगा की!"

बेसिनवर साबणच नव्हता! अशी शरमले म्हणून सांगू! तेव्हापासून ड्यूटीवर आले की आधी साबण बघते.

*

सिल्लोडचे एक चाचा, कापसाचे व्यापारी. सरांनी 'कम्प्लीट बेड रेस्ट' लिहिलेली. मॅडम म्हणाल्या, खुर्चीत बसवा. मी घाबरत विचारलं, "चाचा, झेपेल ना?"

"बेटी, बीमार हूँ, रुई की गठान नहीं हूँ!"

*

आणि सोनबा. मेंढरं राखणारा माणूस, न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर. घशातली नळी उपटतील, म्हणून दोन्ही हात पलंगाला बांधलेले. फुफ्फुसं सुधारली होती, पण गुंगीचं औषध कमी केलं की ते हिसके द्यायचे, की पुन्हा औषध! नळी निघेना, आणि जितके दिवस जास्त तितका जिवाला धोका. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

भेटीच्या पाच मिनिटांत त्यांची बायको ठकूबाई म्हणाली, "मेंढराला कुणी बांधतं व्हय, बाई? जवळ माणूस बसलं की ते गप ऱ्हातंय. मी बसते."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. "सर, बांधल्यानं नळी वाचते, याला पुरावा?"

सरांनी वाकून गाठी पाहिल्या. मग म्हणाले, "सोडा."

मी गाठी सोडल्या. ठकूबाई सोनबांचा हात धरून बसली, मॅडम आणि मी पलंगाशीच उभ्या. गुंगीचं औषध कमी केलं, तरी सोनबा शांत! संध्याकाळी मॅडमनी नळी काढली.

दुसऱ्या दिवशी त्यांना आवाज फुटला. सरांना राहवेना. "सोनबा, आधी एवढे हिसके देत होतात. मग हात सोडल्यावर नळीला बोटसुद्धा कसं लावलं नाही?"



"सायेब, बांधलं व्हतं म्हणून तर वढत व्हतो. सोडल्यावर कशाला वढू?"