टाकून दिलेली गादी

आमच्या घरात ढेकूण झाले हे सांगायला मला अजून लाज वाटते. डेंग्यू झाला तर लोक शहाळी घेऊन बघायला येतात. ढेकूण झाले म्हटलं की चहासुद्धा उभ्यानेच पितात.

मुलीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ती भिवंडीला येणार आणि सव्वा महिन्याचं बाळ घेऊनच सासरी जाणार, हे ठरलेलंच होतं. त्याआधी ढेकणांचा निकाल लावायचा म्हणून मी पदर खोचला. पलंगाच्या फटींत उकळतं पाणी ओतलं, पडदे उकळले, औषध मारणारा बोलावला. वासाने घरात थांबवेना, म्हणून तो दिवस आम्ही नवराबायकोने अकलोलीला काढला. नवरा गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसला आणि म्हणाला, "आता एक पन न्हाय उरला, बघ." जशी काही ढेकणांची हजेरी यानेच घेतली होती.

जुनी कापसाची गादी आम्ही दोघांनी गेटबाहेर नेऊन टाकली. संध्याकाळी बघते तर कुणीतरी उचलून नेलेली. भिवंडीत टाकलेली वस्तू रस्त्यावर पडून राहत नाही. ब्याद गेली म्हणत मी नवी गादी आणली.

मुलगी आली. ओटी भरली, डोहाळे पुरवले, दिवस छान चालले होते. मग एका सकाळी तिच्या ताणलेल्या पोटावर ओळीने लाल गांधी उठल्या. "आई, हे काय गं?" तिने विचारलं आणि मी गादी उलटी केली. नव्या गादीच्या शिवणीत काळे ठिपके होते. बॅटरी धरून शिवण कशी फाकवून बघायची, ते मी तिला त्या दिवशी शिकवलं.

आमच्या घराच्या मागच्या बाजूला खोल्या आहेत, लूमवरच्या कामगारांना भाड्याने दिलेल्या. आमच्या झोपायच्या खोलीची आणि त्यांची भिंत एकच. तणतणत तिकडे गेले, तर भिंतीला लागून आमचीच गादी. निळ्या पट्ट्यांची, माझ्या हातून चहा सांडल्याच्या डागासकट. रात्रीच्या शिफ्टचा कामगार तिच्यावर झोपला होता. तो लूमवर गेला की दिवसाच्या शिफ्टचा झोपणार. गादीला गार व्हायला सवडच नव्हती.

तो धडपडत उठून बसला. "भाभी, अच्छी गद्दी थी. आप लोग फेंक दिए थे, हम उठा लाए."

"काटता नहीं?"

"काटता तो है. ड्यूटी के बाद पता नहीं चलता."

मी भांडायला गेले होते. काय भांडणार, कपाळ? तशीच परत आले.

पुन्हा औषध मारायचं तर त्या वासात गरोदर बाईला कसं ठेवायचं? तेवढ्यात तिची सासू भेटायला आली. बाई चांगली आहे, वावगा शब्द बोलली नाही. गांधी बघितल्या आणि मुलीची बॅग भरायला लागली. त्या संध्याकाळी मी मोठमोठ्याने रडले.

बाळ सासरीच झालं. त्यानंतर दोन्हीकडच्या खोल्यांत औषध मारून झालं, गाद्या जाळून झाल्या. थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा चादरीवर रक्ताचा ठिपका दिसतो. आता मी हरले आहे.

परवा मुलगी बाळाला घेऊन दुपारपुरती आली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि बाळाला मांडीवरून खाली ठेवलं नाही. मी शिवलेली दुपटी उकळून, कडक उन्हात वाळवून, पिशवीत बांधून ठेवली होती. तिने पिशवीवरून हात फिरवला. "राहू दे गं आई."

निघताना दारात तिने बाळाचं पांघरूण झटकलं, मग बॅग उलटी करून शिवणी बघितल्या, मी शिकवलं होतं तशाच. दरवेळी "येते गं" म्हणते. या वेळी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता तूच येत जा तिकडे. फक्त येताना पिशवी नको आणूस."