एकादशीची बॅच

मेलेले दोन ससे ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवले होते. मीनाक्षीदींनी सशांच्या फुप्फुसाचा काप मायक्रोस्कोपखाली लावला आणि शकुनला म्हणाल्या, "तूच बघ." बारीक रक्तवाहिन्यांत कणांचे पुंजके तुंबून बसले होते. सशांना टोचलेली ती सातवी बॅच शकुननंच केली होती.

शकुन नागपूरची, एम.एस्सी. झालेली. नवऱ्याच्या, श्यामकांतच्या, बँकेतल्या बदलीबरोबर कलकत्त्याला आली, आणि तीन वर्षं भवानीपूरच्या दोन खोल्यांत सासूबाईंसोबत काढल्यावर तिला मीनाक्षीदींच्या प्रयोगशाळेत ही नोकरी मिळाली.

काम मोठं सुरेख होतं. अंड्यातल्या पांढऱ्या भागाचं द्रावण करायचं, त्यात काळ्या आजाराचं औषध मिसळायचं, ते तेलात सोडून यंत्रानं सपाटून घुसळायचं आणि तापवायचं. तेलातला एकेक सूक्ष्म थेंब उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट होई. ईथरनं तेल धुऊन काढलं की खाली पिठीसारखी पूड उरे. त्यातला कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान असला तर रक्तातून थेट यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतो. त्या आजाराचे जंतू दडून बसतात तेही तिथंच. कणांचा गठ्ठा झाला की मात्र तो वाटेत फुप्फुसातच अडकतो.

घरी तिनं सांगितलं होतं, साबुदाण्याच्या खळीची पूड करते. ज्या घरात अंड्याचं नावही निघत नाही, तिथं दुसरं काय सांगणार? रोज परतल्यावर ती डोक्यावरून आंघोळ करी आणि मगच देवघरात जाई. एकादशीला तर अंड्याला शिवतही नसे. त्या दिवशी मोठ्या मायक्रोस्कोपवर काढलेल्या फोटोंवरचे कण पट्टीनं मोजायचं काम काढून बसे. दीड वर्षात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पण एकोणऐंशी सालच्या श्रावणात दशमीला दुपारी चार वाजता मीनाक्षीदी म्हणाल्या, "परवा ससे टोचायचेत. उद्या बॅच कर. द्रावण ताजं हवं हं, शिळ्याचे गठ्ठे होतात." उद्या म्हणजे पुत्रदा एकादशी. लग्नाला सात वर्षं झालेली, आणि सासूबाईंनी चार दिवस आधीच बजावलेलं, "शकुन, ही तरी मनोभावे कर."

द्वादशीला द्रावण करण्यापासून सुरुवात केली तर वेळ पुरला नसता, म्हणून तिनं दशमीलाच अंडी फोडली, द्रावण फ्रीजमध्ये ठेवलं आणि द्वादशीला सकाळी लवकर येऊन बॅच उरकली. मधल्या दिवशी लोडशेडिंगनं फ्रीज तासन्‌तास बंद होता. साध्या मायक्रोस्कोपखाली दोन-तीन ठिकाणी पाहिलं, बरं वाटलं. मोठ्या मायक्रोस्कोपवर फोटो काढायला वेळच नव्हता. वहीत तिनं लिहिलं : एकादशीची तारीख, द्रावण ताजे.

आता चार दिवसांवर, हे काम पुढं चालू ठेवायचं की नाही ते ठरवणाऱ्या कमिटीची बैठक होती.

"ते म्हणतील, या कणांचा भरवसा नाही, बंद करा," मीनाक्षीदी म्हणाल्या. "माझी दोन वर्षं, शकुन. तुमचे रघुनाथबाबूही आहेत कमिटीवर. तेसुद्धा वाचवणार नाहीत."

रघुनाथराव इथल्या मराठी मंडळींतले. त्यांच्या पत्नी नलिनीबाई दर सोमवारी सासूबाईंबरोबर भजनाला बसत. तिथं कळलं की घरी कळलंच.

संध्याकाळी चहा घेताना तिनं श्यामकांतला सांगितलं. तो बशीत बघत म्हणाला, "लाईट गेली म्हण. निम्मं खरंच आहे की."

"आणि उरलेलं निम्मं?"

"वर्षभरात बदली होईल आपली. तोवर गप्प राहा. आईला कशाला दुखवायचं?"

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "एकादशी छान पार पडली हो तुझी. नलिनीबाईंना म्हटलं मी, कामावर जाऊनही पाण्याचा थेंब घेत नाही आमची सून."

शकुन जपाला बसली, पण माळ पुढं सरकेना. ज्या देवासाठी उपास केला, त्याच्यापुढंच मान वर होईना.

तिसऱ्या दिवशी तिनं मीनाक्षीदींना सगळं सांगितलं.

"आधी बोलली असतीस तर ससे दोन दिवसांनी टोचले असते. मी काय हात धरून तुला अंडी फोडायला लावली असती?"

"तुम्ही हसला असता."

"हसले असते. मग?" त्यांनी वही पुढं सरकवली. "लिही. द्रावण कधी केलं, कधी वापरलं आणि का ठेवलं. कारणासकट. नुसतं लाईट गेली लिहिलंस तर पहिला प्रश्न येईल, द्रावण दोन दिवस ठेवलंच का."

तिनं लिहिलं आणि खाली सही केली. मग नलिनीबाईंच्या तोंडून जायच्या आत स्वतःच सांगावं, म्हणून तडक घरी आली. सासूबाई वाती वळत होत्या. तिनं उभ्यानंच अंड्याचं सगळं सांगून टाकलं.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

"दीड वर्ष. रोज आंघोळ करून मगच देवाला..."

"आंघोळीचं नको सांगूस. साबुदाणा म्हणाली होतीस तू. मी चार घरी सांगत फिरले."

कमिटीनं सातवी बॅच बाद धरली आणि मीनाक्षीदींना आणखी सहा महिने दिले. अट एकच घातली, शकुननं यापुढं बॅच करायची नाही. तिनं फक्त फोटोंवरचे कण मोजायचे, आणि त्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही हवी. आठवी बॅच मीनाक्षीदींनी स्वतः केली. शकुननं तिचे चारशे कण मोजले. एकही मोठा निघाला नाही.

त्या दिवशी घरी येऊन तिनं आंघोळ केली आणि नैवेद्याची वाटी घ्यायला हात पुढं केला.

"आता मी अंड्याला हात लावत नाही, आई. त्यांनीच काढून घेतलं ते काम."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. वाटी त्यांनी आपल्याकडं ओढली आणि देवघरात गेल्या.