काचेपलीकडचं ऐकणारी अक्का

अक्काला माणसाचा आवाज लागत नसे. ओठ दिसले की पुरे. एका लग्नात समोरच्या पंगतीतले व्याही हळूच आमटीला नावं ठेवत होते. अक्का मिठाची वाटी घेऊन थेट त्यांच्यापुढे उभी राहिली. "घ्या की. अळणी हाय म्हणताय न्हवं?" व्याह्यांचा घास हातातच राहिला.

सोलापुरात गिरण्या होत्या, एवढं आजच्या पोरांना माहीत असतं. त्या गिरण्यांत एक बिनआवाजाची भाषा होती, हे कुणी सांगत नाही. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही, म्हणून बायका ओठांनी आणि बोटांनी बोलत. अक्का सूत गुंडाळायच्या खात्यात होती. घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि खात्यात ही तिसरी बोली. त्या गदारोळात सोयरिकी जुळत, भांडणं मिटत. ती या टोकाला नुसते ओठ हलवायची आणि पार त्या टोकाला बायका पोट धरून हसायच्या. मी ऑफिसातला कारकून. दारात उभा राहून बघतच राहायचो.

एक दिवस मालक आले. मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये मी फायली घेऊन उभा होतो. "दिवाळीत सुट्टी द्या, यंत्रं हलवा, मग कुलूप लावा," मालक म्हणाले. मी मान खाली घातली. बाहेर अक्काचे हात सूत जोडत होते, नजर काचेवर होती.

पाळी सुटली तेव्हा सगळे कामगार फाटकात बसलेले. यंत्रं हलली नाहीत. पुढे गिरणी बंद पडलीच, पण आणखी काही वर्षं हजारो घरांच्या चुली पेटत्या राहिल्या.

केबिनमध्ये तिसरा माणूस मीच. बातमी मीच फोडली असं लोकांनी धरलं. हार घातले. मी नाही म्हणालो नाही. खात्यातल्या बायकांना खरं माहीत होतं, पण त्यांना विचारतो कोण? दुसऱ्या दिवशी अक्का भेटली. "शोभतोय की हार, सायेब," एवढंच म्हणाली. त्यानंतर कितीतरी सत्कार मी घेतले.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून गेलो. तिचा आवाज पुरता गेला होता. पायाशी खात्यातली जुनी मैत्रीण बसलेली. सून चहा देत म्हणाली, "काका, तवा गिरणी तुमच्यामुळं वाचली म्हणत्यात."

"माझ्यामुळं नाही," मी पुटपुटलो. "तुझ्या सासूमुळं."

अक्काने माझ्याकडे बघून ओठ हलवले. मला काही कळलं नाही. मैत्रीण मात्र खुदकन हसली.

"काय म्हणते?"

"म्हणती, जरा मोठ्यानं सांगा की सायेब. सुनंला ऐकू न्हाय गेलं."

शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग धडधडत होते. मी उठून उभा राहिलो आणि त्या आवाजावर आवाज चढवून पुन्हा सांगितलं.