काड्यांच्या माणसाची चाल

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा ठेवायला जाणारी बाई मी. अमावस्येला मुद्दाम नवीन काम सुरू करते, मांजर आडवं गेलं तर मांजराचीच कीव करते. शाळेत मुलांना सांगते, प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आपल्याला सापडलं नाही तरी असतं. ते मी अजूनही सांगते... फक्त आता सांगताना आवाज जरा खाली येतो. या ग्रुपवर बरेच जण असलं काही लिहितात. मी आजवर नुसती वाचत होते.

मी मूळची रहिमतपूरची. सासर कडेगाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. घर गावाबाहेर, उसाच्या पट्ट्यात – स्लॅबच्या तीन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. माझे मिस्टर, विलास, फौजेत आहेत, सध्या राजस्थानात. सासरेही फौजीच होते, आमचं लग्न झाल्यावर वर्षभरातच गेले. त्यामुळे घरात मी, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

विलासना एक थोरला भाऊ होता, आनंदा. माझ्या लग्नाच्या खूप आधी घर सोडून गेलेला. मला माहिती होती ती एवढीच. कपाटात एक जुना पासपोर्ट फोटो, बाकी काही नाही. सासऱ्यांनी त्याचं नाव घरात बंद केलं होतं आणि ते गेल्यावरही ते बंदच राहिलं. मीही कधी विचारलं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्ही म्हणाल की मी कुणाकडून तरी ऐकलं असणार. नाही ऐकलं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. मुलगी आजोळी, माझ्या माहेरी गेलेली. मला वाटलं, वर्गासाठी छोट्या छोट्या फिल्म करू – ढग कसा होतो, बी कसं रुजतं. त्यासाठी अ‍ॅनिमेशन शिकायला घेतलं. मोबाईलवर एक फुकटचं अ‍ॅप, आणि सुरुवात सगळेच करतात तशी काड्यांच्या माणसापासून. डोकं म्हणजे एक गोल, अंग म्हणजे एक रेघ, हातपाय चार रेघा. एक चित्र काढायचं, ती झाली एक फ्रेम; पुढच्या फ्रेमवर ते खाली फिकट दिसतं, त्याच्या आधाराने पाय जरासा पुढे सरकवून दुसरं काढायचं. मग तिसरं. अशी ढीगभर चित्रं भराभर फिरवली की माणूस चालतो.

म्हणजे चालायला पाहिजे. माझा पहिला माणूस चिखलात घसरल्यासारखा सरकला. दुसरा चालता चालता निम्मा झाला. तिसऱ्याचा उजवा हात उजव्या पायाबरोबरच पुढे जायला लागला. मी एकटीच हसत बसायचे.

आठवड्याभरात हात बसला. शिकवणाऱ्याच्या व्हिडिओतली पावलं जशीच्या तशी उतरवून मी एक चाल तयार केली. प्ले केलं – तर माणूस लंगडतोय. उजवी टाच जराशी ओढली जाते, मग त्याच बाजूचा खांदा वर येतो, जणू खांद्यानेच तो पाय उचलून पुढे टाकतोय. मला वाटलं, एखादी फ्रेम चुकली. एकेक फ्रेम थांबवून बघितली, स्क्रीनवर पट्टी ठेवून पाय मोजले. सगळं बरोबर. फ्रेम सुट्या बघितल्या तर चांगला धडधाकट माणूस. चालवला की लंगडा.

पुसून नवीन काढला. पुन्हा तेच. दुसरं अ‍ॅप घेतलं. तेच. मग वैतागून ते तसंच सोडलं आणि शेवटच्या फ्रेमवर त्याला जरा वेळ उभा ठेवायचं शिकले, कारण माणूस एकदम गायब झाला की वाईट दिसतं. तर तिथे थांबल्यावर त्याच्या डोक्याचा गोल किंचित डाव्या खांद्याकडे कलायचा. डोळे नाहीत, नाक नाही, नुसता गोल. पण मागे वळून बघतोय हे कळायचं.

मी मनाशी म्हटलं, नवखा हात आहे, हात थरथरत असेल. खरं सांगते, भीती वगैरे काही वाटली नाही.

दुपारी आम्ही दोघी शेडमध्ये बसलो होतो. आत्या बियाण्याच्या शेंगा फोडत होत्या, मी शेजारी मोबाईलवर. क्लिप सारखी सारखी फिरत होती. शेंगा फोडल्याचा आवाज थांबला म्हणून मी वर बघितलं. आत्या माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होत्या.

"ह्यो कुठं गावला तुला?" त्यांनी विचारलं.

"कोण, आत्या? हे चित्र आहे. मी काढलंय."

"चित्र हाय ते मला कळतंय. आंधळी न्हाई मी." त्यांनी बोट स्क्रीनजवळ नेलं, पण लावलं नाही. "आमचा आनंदा हाय ह्यो. त्येची चाल हाय."

मी काहीतरी समजूत काढायला गेले. त्या ऐकतच नव्हत्या. लहान असताना तो उसाच्या ट्रॉलीवरून पडला, पाय मोडला, हाड वाकडं बसलं, असं त्यांनी सांगितलं. घरात तीन पिढ्या फौजी. आनंदा भरतीला उभा राहिला, पायामुळे काढला. पुन्हा गेला, पुन्हा काढला. पुढं विलासची निवड झाली. त्या दिवशी सासरे सगळ्या गावासमोर म्हणाले, "माझा एकच ल्योक, दुसरा धरू नगा." त्याच आठवड्यात आनंदा पिशवी घेऊन निघाला.

"बांधापतूर गेला," आत्या म्हणाल्या. "तिथं थांबला. असंच, अगदी असंच मागं बघितलं त्येनं. मी दारात हुती. हाक मारली असती तर आला असता गं माघारी. पर तुझं सासरं खुर्चीवर बसलं हुतं... मी न्हाई मारली."

एवढं बोलून त्या परत शेंगा फोडायला लागल्या. हाताला टरफलं टोचत होती तरी फोडत राहिल्या.

मी ती क्लिप विलासना पाठवली. सोबत काहीच लिहिलं नाही. त्यांचा लगेच फोन आला.

"तू दादाला कवा बघितलंस?"

"मी कुठून बघणार?"

"मग कुणी शिकवलं तुला हे? सीमा, मजाक नको करू. कोण आलं होतं घरी?"

मी सगळं सांगितलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "आईला दाखवू नको परत." आणि फोन ठेवला.

पण आत्या रोज मागायच्या. जेवण झालं की हात पुसून यायच्या. "जरा लाव की गं त्येला." मी लावायचे. तो चालायचा, थांबायचा, मागे बघायचा, क्लिप संपायची, पुन्हा चालायचा. आत्या चार घास जास्त जेवायला लागल्या होत्या. मी कशी नाही म्हणू?

मग एके दिवशी म्हणाल्या, "हितं थांबलाय न्हवं, तितं जरा धर त्येला. फुडं जाऊ देऊ नगो."

तो मागे वळून बघतो तिथे मी क्लिप थांबवली. आत्यांनी मोबाईल दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं होतं रडतील. त्या रडल्या नाहीत. बांधावरच्या माणसाला ऐकू जावी अशी, पोटातून हाक मारली.

"आनंदाऽऽ! ये रं माघारी! कुणी काय म्हणत न्हाई तुला आता. ये रं माझ्या राजा!"

समोरच्या रानात पाणी पाजणारा गडी दचकून उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला, तो भुताचा नव्हता. ती हाक किती वर्षं आत अडकून पडली होती, त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवीन फिल्म करायला घेतली. तीच पावलं, तोच हात, तेच अ‍ॅप. माणूस सरळ चालला. टाच ओढली नाही, खांदा उचलला नाही. शेवटी थांबवला तर डोकं समोर. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मी मुद्दाम लंगडा काढून बघितला – टाच मागे, खांदा वर. एखाद्याने टवाळी करून नक्कल करावी तसा दिसला. आत्यांनी बघितला आणि मान हलवली. "ह्यो न्हवं. ह्यो कुणी उपराच हाय."

जुन्या क्लिप तशाच आहेत. विलासच्या मोबाईलवरही आहे, त्यांनी पुसलेली नाही. त्यात तो अजून लंगडतो. पण त्यानंतर मी शेकडो वेळा माणूस चालवला असेल, ती चाल पुन्हा कधी उतरली नाही.

मी आत्यांना म्हटलं, "आत्या, आता तो गेला असं समजू या. शांत झाला असेल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खुळी. "गेला कसा? हाक ऐकली त्येनं. म्हणून तर तितनं हलला. वाटंत आसंल."

शोध आम्ही घेतला. विलास सुट्टीवर आले, पुण्याला, सांगलीला, जिथे जिथे कुणी कधी बघितल्याचं म्हटलं होतं तिथे जाऊन आले. हाती काही लागलं नाही. तो जिवंत आहे का नाही, तेही कळलं नाही.

कुणी म्हणेल माझा हात, कुणी म्हणेल योगायोग. मला आता त्या चालीचं कोडंही तितकं छळत नाही. छळतं ते वेगळंच. माझ्या लग्नानंतर इतकी वर्षं आत्या कुणाची वाट बघत नव्हत्या. दुःख होतं, पण ते बसलेलं होतं. मी ते उठवलं.

आता सांगलीहून दुपारची एसटी यायच्या वेळी त्या स्टँडवर जाऊन बसतात. ऊन असो, चिखल असो. शाळा सुटली की मी त्यांना आणायला जाते. परवा गेले तर उशिरा आलेली गाडी नुकतीच लागत होती. मी लांबच थांबले. दार उघडलं, माणसं उतरायला लागली. बायका, पोती, शाळेची पोरं.

आत्या कुणाचंच तोंड बघत नव्हत्या. खाली मान घालून, पायरीवरून उतरणारे पाय बघत होत्या. एकेक करून, शेवटचा माणूस उतरेपर्यंत.